मागच्या आवारात चालेल अशी गाडी

४ मार्च

कर्ट,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पाकीट न फोडताच फेकून देशील कदाचित. पण फोडलंस, तर शेवटपर्यंत वाच.

पत्ता बड कोवाचनं दिला. शेजारच्या बडला तू दर नाताळात कार्ड पाठवतोस हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. राग नाही आला. थोडं वाईट वाटलं, एवढंच. तो म्हणाला, तुझं तिकडे न्यू मेक्सिकोत रिमोटच्या गाड्यांचं दुकान आहे आणि लांबलांबून लोक दुरुस्तीला येतात.

मला तसलीच एक गाडी घ्यायची आहे. मोठ्या चाकांची, मॉन्स्टर ट्रक म्हणतात ती. विजेवरची हवी. पेट्रोलची नको, तिचा फार फटफटाट होतो. मागच्या आवारात चालवायची आहे आणि दणकट हवी. माझ्यासाठीच आहे, हसू नकोस. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून हाताला काही काम नाही. पेन्सिलव्हेनियात मार्च महिना कसा असतो ते तू विसरला नसशील. माणूस खिडकीशी बसून बसून वेडं होतं.

आवार तुझ्या वेळेसारखंच आहे. गवत वाढलंय, मेपलची मुळं वर आलीत. एकदोन ठिकाणी जमीन जराशी बसलीय. मागचं दार चौकटीत अडकतं, पण ती बर्फ वितळल्याची ओल असणार.

पप्पा बरे आहेत. त्यांची कबुतरंही बरी आहेत. हे पत्र त्यांना माहीत नाही.

गाडी कोणती घ्यावी तेवढं कळव. जरा लवकर कळव.

लोरेन

१४ मार्च

कर्ट,

तुझं उत्तर मिळालं. 'कशासाठी? ओझं किती? जमीन कशी?' एवढंच. वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझा' नाही. सेडलाकांचा मुलगा शोभतोस.

तुझं उत्तर येईपर्यंत मला दम निघाला नाही. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून मी एक गाडी उचलून आणली. लालभडक होती, बाजूला ज्वाळा रंगवलेल्या. पहिल्याच दिवशी मेपलच्या मुळावर चढताना उलटली ती पाय वर करून पडली, मेलेल्या झुरळासारखी. काठीनं ओढून सरळ केली तर आतून कर्रकर्र आवाज, आणि चाकं जागच्या जागी थिजलेली. बड म्हणाला, आतले दात प्लॅस्टिकचे, ते झिजले. पप्पा ओसरीवरून बघत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"लोरेन, पोरी, तुझ्या आईला घोडा हवा होता, तिला मी शिवणयंत्र आणून दिलं. तुला नवरा हवा होता, तू खेळणं आणलंस!"

मी पण हसले. मग न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले.

तू विचारलंस म्हणून सांगते. आधी सांगितलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

आवार खचतंय. जानेवारीत सगळीकडे बर्फ होता, तेव्हा मधोमध एक गोल भाग काळाच्या काळा राहिला. तिथे बर्फ टिकेचना. मग कुंपणाचे खांब आत झुकले. मग विहिरीचं पाणी गढूळ झालं आणि एके दिवशी पंप नुसता हवा ओढायला लागला. खाली जुनी खाण आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं. हो, ऐकू येतं. भांडी घासताना पायाखालून आवाज येतो, तळघरात कुणी जड कपाट सरकवावं तसा. आपलं तळघर रिकामं आहे, कर्ट.

राज्याच्या खाण-कार्यालयातून एक बाई आली होती. चांगली होती बिचारी. तिनं खुंट्या ठोकून नारिंगी फीत ओढली. म्हणाली, यंत्र आणून भोकं पाडून बघेपर्यंत फितीच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. यंत्र एप्रिलअखेर मिळेल. घराखाली तूर्त धोका दिसत नाही, पण एक पिशवी भरून दाराशी ठेवा.

आणि पप्पांच्या कबुतरांची ढाबळ फितीच्या पलीकडे आहे. पार मागच्या टोकाला.

आता कळलं ना ओझं कशाचं? मक्याचा एक डबा आणि पाण्याची बाटली. पप्पा रोज सकाळ-संध्याकाळ फीत उचलून, खाली वाकून, तो डबा घेऊन पलीकडे जातात. मी वाटेत आडवी आले. रडले. बडला बोलावलं. बड तर अग्निशमन दलात आहे, त्याचंही ऐकलं नाही.

"पप्पा, जमीन खचतेय."

"खचू दे. उभा जन्म मी तिच्या पोटात काढला. तेव्हा नाही गिळलं तिनं."

"कबुतरं मी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते."

"ती शर्यतीची कबुतरं आहेत. दिलीस की दारातून उडून परत इथेच येतील. त्यांना आपलं घर कळतं. माणसांनाच कळत नाही."

हे वाक्य कुणासाठी होतं ते तुला समजेल. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते पलीकडे जातात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते आणि ते परत येईपर्यंत श्वास घेत नाही. म्हणून गाडी हवी. धान्य गाडीनं जावं, पप्पा ओसरीवर राहावेत. सुचवायला दुसरं कुणी नाही.

लोरेन

२८ मार्च

कर्ट,

एवढं मोठं पत्र तू आयुष्यात कुणाला लिहिलं नसशील. मी ते दोनदा वाचलं, मग बडला वाचून दाखवलं.

तू सांगितलंस तशीच घेतली. लहान नको, कारण गवतात पोट टेकतं. म्हणून सगळ्यात मोठी, जवळजवळ आपल्या जुन्या कुत्र्याएवढी. दातांची चक्रं पोलादी. पाण्याचिखलात चालणारी. ब्रशलेस मोटर, म्हणजे ताकद आहे आणि झिजायला आत काही नाही. उलटली तर बटण दाबल्यावर स्वतःच कोलांटी मारून सरळ होणारी, कारण तू लिहिलंस, 'जिथे कुणी जायचं नाही तिथे उलटलेली गाडी सरळ कोण करणार?' आणि सुटे भाग गावातल्या दुकानात मिळतात की नाही ते आधी विचारायचं, हेही केलं. बॅटरी चार्जिंगला लावून कुठे जायचं नाही, तू सांगितलेल्या जाड पिशवीतच ठेवायची, हे मी बोटावर मोजून पाठ केलंय. घर खाली जाईल याची भीती आहेच, त्यात ते पेटायला नको.

मी खोकं उघडलं तेव्हा पप्पांनी तोंड फिरवलं.

"हे कुणी निवडलं?"

"दुकानदारानं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"दुकानदार शहाणा दिसतो. चाकं बघ, खाणीतल्या गाडीसारखी आहेत."

आणि कर्ट, त्यांनी रिमोट हातात घेतला. बोटं आखडलीत त्यांची, म्हणून तू सांगितल्याप्रमाणे बडनं गाडीची ताकद निम्मी करून दिली. पहिल्या दिवशी गाडी थेट माझ्या गुलाबांत घुसली. दुसऱ्या दिवशी फितीखालून गेली. आठवडा व्हायच्या आत पप्पा ओसरीवर खुर्ची टाकून, मांडीवर घोंगडी घेऊन, मक्याचा डबा बांधलेली गाडी ढाबळीपर्यंत नेत होते. ढाबळीच्या खालच्या फळीवर चढवायचे, गदागदा हलवायचे, की मका सांडायचा. पहिल्यांदा कबुतरं फडफडून छपरावर गेली. आता गाडीची घरघर ऐकू आली की रांगेनं फळीवर येऊन बसतात.

"बघ, बघ ती निळी! माझ्यापेक्षा गाडीवर जास्त जीव आहे सटवीचा!"

आई गेल्यापासून पप्पांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

त्या खुशीतही मला भीती वाटते. गाडी त्या काळ्या गोलाच्या कडेनं जाते तेव्हा ती एका बाजूला कलते. काल कलली होती त्यापेक्षा आज जास्त कलते. पप्पांना ते दिसतं. ते वळसा वाढवतात.

स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकीखालून एक चीर निघालीय. मी तिच्यावर कॅलेंडर लावलं.

तुझ्या पत्राचा शेवटचा कागद मी ओसरीच्या खांबाला टाचलाय. 'घाबरलात तर बोट उचला. बोट उचललं की गाडी थांबते.' अक्षर कुणाचं आहे ते पप्पांनी विचारलं नाही. पण रोज गाडी सुरू करायच्या आधी त्यांची नजर तिकडे जाते.

लोरेन

१० एप्रिल

कर्ट,

थोडक्यात लिहिते.

आज सकाळी दाराशी पप्पांचे बूट चिखलानं भरलेले दिसले. ताजा चिखल होता. मी उठायच्या आधी ते पलीकडे जाऊन आले होते.

"गाडी आहे ना? मग कशाला?"

ते कॉफीत बघत राहिले. "निळी अंड्यांवर बसलीय. ती बाहेर येत नाही. गाडी तिच्या कोनाड्यात जात नाही."

"एका कबुतरापायी?"

"तुला वाटतं मला कळत नाही?" त्यांनी कप आपटला. "पायाखाली पोकळ लागतं, लोरेन. ढोलावर चालल्यासारखं. मला कळतं."

"मग घाबरत का नाही तुम्ही?"

आपल्या घरात या प्रश्नाला उत्तर नसतंच. खाणीत आपल्या भावावर, लिओवर, छत कोसळलं, तू त्याच्या शेजारून जिवंत वर आलास आणि पुन्हा खाली उतरणार नाही म्हणालास. लिओच्या अंत्यविधीच्या जेवणात, सगळ्या गावासमोर, पप्पा तुझ्या भीतीबद्दल काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. तुला ते पाठ असेल. त्या दिवसापासून आपल्या घरात कुणाला घाबरायची मुभा राहिलेली नाही. मी कपाटात तोंड खुपसून घाबरते.

चार दिवस पाऊस सांगितलाय. बड म्हणतो, पाऊस म्हणजे वाईट.

मी त्यांचे बूट लपवलेत.

लोरेन

१९ एप्रिल

कर्ट,

बडनं तुला फोन करून सांगितलं आहे हे मला ठाऊक आहे. पप्पा जिवंत आहेत. पाय मोडलाय, दोन फासळ्या मोडल्यात, पण जिवंत आहेत. तरीही सगळं नीट सांगते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय हे माझ्या अंगातून निघणार नाही.

पाऊस थांबला त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. मागून एक आवाज आला. मोठा नव्हता. लाकूड पिळवटावं तसा. खिडकीतून पाहिलं तर ढाबळ एका अंगाला झुकलेली, दार चौकटीत चेपून बंद, आणि आतून कबुतरं जाळीवर धडका मारतायत. पप्पा आवारात होते. पायात सपाता, हातात पहार. फितीच्या केव्हाच पलीकडे.

मी ओरडले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. जाऊन पहार दाराच्या फटीत घातली, सगळं अंग टाकलं, आणि दार उघडलं. कबुतरं धुरासारखी भस्सकन बाहेर पडली. पप्पांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

आणि मग ते तिथे नव्हते.

काहीच आवाज झाला नाही, कर्ट. मला वाटलं होतं गडगडाट होईल, स्फोट होईल. नुसती जमीन खाली बसली, कणकेत मूठ दाबावी तशी, आणि पप्पा तिच्याबरोबर गेले. ढाबळीचं छप्पर काठावर लटकत राहिलं.

मी ओसरीच्या पायरीपर्यंत पोचले होते. तेवढ्यात खालून आवाज आला.

"लोरेन! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ!"

त्यांचा तो आवाज, जेवायला उशीर झाल्यावरचा. मी तिथेच थांबले. त्या आवाजाला मी लहानपणापासून भीत आले आणि त्या क्षणी तो ऐकून मला रडू कोसळलं.

मी मदतीला फोन लावला. फोनवरची बाई म्हणाली, दलाची माणसं निघालीत, पण डोंगरावरचा रस्ता पावसानं बंद आहे, वळसा घालून येतील. जवळ जाऊ नका. बडला फोन लावला, तो दलाच्या गाडीतच होता. म्हणाला, "तू जवळ जायचं नाहीस. त्यांच्याजवळ दोर पोचला पाहिजे पण. माती पुन्हा सरकली तर त्यांना धरून ठेवणारं काही नाही."

मी दोर फेकला. अर्ध्यावर पडला. पुन्हा फेकला. तिथेच पडला. माझ्या हातात कणीक मळायचं बळ आहे, फेकायचं नाही.

गाडी ओसरीवरच होती. सकाळी मीच चार्ज करून ठेवली होती.

मी ती आजवर एकदाही चालवली नव्हती. कपडे वाळत घालायची दोरी सोडून गाडीच्या मागच्या दांडीला बांधली, तिच्या दुसऱ्या टोकाला बडनं गराजमध्ये ठेवलेला मोटार ओढायचा जाड दोर बांधला, आणि त्या दोराचं टोक मेपलच्या बुंध्याभोवती आवळलं. हे सगळं करताना मी मोठ्यानं बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. बहुतेक तुझं पत्र.

गाडी सुटली ती थेट बागेच्या भिंतीवर आपटली. मागे घेतली. पुन्हा सोडली. फितीखालून गेली. नंतर तिचा टप गवतात दिसेनासा झाला आणि दोरी तेवढी सळसळत पुढे जाताना दिसायची. आणि पप्पा तर मला दिसतच नव्हते. काठाच्या खाली होते ते.

"पप्पा, गाडी पाठवतेय! गाडीला दोरी आहे! मला काही दिसत नाही, तुम्ही सांगा!"

मी कान दिला.

मग: "उजवीकडे."

"माझ्या की तुमच्या?"

"तुझ्या गं, तुझ्या! माझं उजवं आता कोण बघतंय!"

मी वळवलं. "अजून. अजून. आता सरळ. हळू!" चाकांखाली माती सुटल्याचा आवाज आला. माझं बोट रिमोटवर घट्ट आवळलं गेलं आणि गाडी उसळली. तेव्हा समोरच्या खांबावरचा तुझा कागद दिसला. मी बोट उचललं. गाडी थांबली. मी पण थांबले. एक श्वास घेतला, तो पोटापर्यंत पोचला.

"आता काय, पप्पा?"

"आता ढकल तिला खाली."

"पडेल ती!"

"पडू दे. तुझ्या बापासारखीच."

मी ढकललं. दोरी सर्रकन पुढे गेली आणि खालून धप्प आवाज आला. "उलटी पडली," पप्पा ओरडले. "हात पोचत नाही. वीतभर लांब आहे."

मी ते बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. खालून मोटर किंचाळली, काहीतरी थाडकन आदळलं, आणि पप्पा हसले. खरंच सांगते, त्या खड्ड्यातून हसू आलं. "उठली! उठली कार्टी! ये, ये, इकडे ये, सरळ..."

दोरीला हिसका बसला. त्यांनी धरली होती. मग जाड दोर गवतातून हळूहळू त्यांच्याकडे सरकत जाताना मी बघत राहिले. "बांधला. काखेखालून."

मी मेपलशी जाऊन त्या गाठीवर दोन्ही हात दाबून बसले. झाड बांधलेलं होतं, माझ्या हातांची त्याला काही गरज नव्हती. तरी दाबून बसले.

"पप्पा, बोलत राहा."

ते बोलले. काय बोलले ते ऐकशील? आधी कबुतरांविषयी बोलले, निळी बाहेर पडली का, अंडी गेली असतील. मग एकदम वेगळ्याच आवाजात, ओळखू न येणाऱ्या, म्हणाले, "लोरेन, खाली अंधार आहे. माझ्या पायाशी एक भोक आहे आणि त्यातून वारा येतोय. थंड वारा. मी ओळखतो तो वारा. मला इथे राहायचं नाही."

"येतायत, पप्पा. आलेच."

"मला भीती वाटतेय."

आणि त्याच वेळी दोर ताणला गेला. माझ्या हातांखालची गाठ झाडाच्या सालीत रुतली, मेपल करकरला, आणि खाली पप्पा ओरडले. शब्द नव्हते, नुसता आवाज. त्यांच्याखालची माती त्या भोकात गेली होती. ते दोरावर लटकत होते.

बड आणि त्याची माणसं आली तेव्हा मी त्या झाडाला मिठी मारून प्रार्थना म्हणत होते, तीही चुकीची, जेवणाआधीची. त्यांनी शिड्या आडव्या टाकल्या, फळ्या टाकल्या, पोटावर सरपटत बड काठापर्यंत गेला. पप्पांना वर ओढलं तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत काळे होते. तसे काळे मी त्यांना लहानपणी रोज संध्याकाळी बघायचे.

सगळ्यांनी घर सोडलं आणि दुपारपर्यंत तो खड्डा ओसरीच्या पायरीपर्यंत आला. ढाबळ गेली. गाडीही गेली. कबुतरं मात्र तिथेच होती. ढाबळ जिथे होती त्या जागेवर आभाळात गोल गोल फिरत होती, उतरायला जागा शोधत. रुग्णवाहिका हलली तेव्हाही फिरत होती.

लोरेन

११ मे

कर्ट,

आम्ही आता गावात चर्चमागच्या इमारतीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. घर पाडलं. मी बघायला गेले नाही. पाडायच्या आधी बडनं आतून आईचं शिवणयंत्र आणून दिलं, तेवढं वाचलं. कबुतरांतली बरीचशी बडच्या गोठ्याच्या छपरावर राहतात आणि दिवसातून कितीदा तरी आपल्या जुन्या आवारावरून चक्कर मारून येतात. तो म्हणतो, हळूहळू विसरतील. मला तसं वाटत नाही.

भीती गेलेली नाही. उलट आता मोकळी सुटलीय. रस्त्यावरून ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा हलल्या की माझ्या हातातला चमचा पडतो. पलंगावरून उतरताना मी आधी एका पायानं फरशी दाबून बघते. दुसऱ्या मजल्यावर! परवा पप्पा कुबड्या घेऊन न्हाणीघराकडे निघाले तेव्हा मी पाहिलं, तेही कुबडी आधी फरशीवर ठोकतात, कान देतात, मगच वजन टाकतात. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"काय बघतेस?"

"काही नाही."

"तूही करतेस. मला माहीत आहे. तुझ्या खोलीतून ऐकू येतं."

मग मी कोबी-शेवयांची कढई गॅसवर ठेवली आणि ते येऊन टेबलाशी बसले. बराच वेळ काट्यानं ताटातला कोबी एका बाजूला करत राहिले.

"तुझा भाऊ," ते म्हणाले.

आपल्या घरात हे दोन शब्द एकापाठोपाठ आले नव्हते, कर्ट, तू गेल्यापासून. मी चमचा खाली ठेवला.

"खाणीतून वर आल्यापासून तो ओसरीवर बसून राहायचा. रात्रंदिवस. आत येऊन झोप म्हटलं तर यायचा नाही. मला राग यायचा. मला वाटायचं, नाटक करतोय." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "मी काय म्हणालो त्याला, त्या जेवणात, ते तुला आठवतं?"

"आठवतं."

"मलाही."

यापुढे ते माफी वगैरे काही बोलले नाहीत. तू तिची वाट बघू नकोस, ती त्यांना येत नाही, कुणी शिकवलीच नाही. ते एवढंच म्हणाले, आणि हे मी त्यांच्या शब्दांत लिहिते, कारण त्यांनी मला दोनदा बजावलं की यात माझं काही घालायचं नाही:

"त्याला लिहून विचार, त्याला पुन्हा झोप कधी लागायला लागली. आणि लागायच्या आधी तो काय करायचा. मला डोळे मिटले की तो वारा लागतो."

मला याचं उत्तर येत नाही. बडला नाही, डॉक्टरांना नाही. ते तुलाच माहीत आहे. पत्रानं नको कळवूस, पत्राला फार दिवस लागतात. इथला नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. फोन मी त्यांच्या पलंगाशी नेऊन ठेवलाय. कधीही कर. ते जागेच असतात.

लोरेन